तू आणलेला बॉलर

दत्ता,

काल तुझी शोकसभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, मागची माणसं भिंतीला टेकून उभी होती. जो उठला तो एकच गोष्ट बोलला. दत्ताराम म्हणजे हसवणारा माणूस. दत्ताभाऊ आले की लग्नघर असो की मयत, वातावरण हलकं व्हायचं. मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, "हे सौदीतले त्यांचे रूम पार्टनर, यांना दोन शब्द बोलू द्या."

मी पासपोर्टची गोष्ट सांगितली. तुला ठाऊकच आहे कोणती. माझ्या वडिलांना झटका आल्याची तार आली, तेव्हा रिफायनरीत शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं, काम जोरात होतं. आपले सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. मुदीर, म्हणजे आपला लेबनानी मॅनेजर, म्हणाला, काम उरकल्यावर जा. तू तेव्हा पायपिंगचा फोरमन होतास. बूट, हेल्मेट, सगळ्यासकट तू त्याच्या केबिनच्या दारात फतकल मारून बसलास. बाहेर यार्डात तुझी सगळी गँग हात बांधून उभी. "अनंताचा पासपोर्ट द्या, मग पाइप उचलू." त्या देशात काम बंद पाडणं म्हणजे स्वतःच्या हद्दपारीला आमंत्रण होतं. दुपारच्या आत पासपोर्ट माझ्या हातात होता. वडिलांच्या तोंडात मी पाणी घातलं ते तुझ्यामुळे.

हॉलमध्ये लोकांनी डोळे पुसले. सुमनवहिनी पदर तोंडावर धरून रडली. मी खाली बसलो आणि मला इस्माइल आठवला. त्याचं नाव तिथे घेता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं?

रास तनुराच्या त्या कॅम्पात शुक्रवार नसता तर आपण सगळे वेडे झालो असतो. सहा दिवस ऊन, लोखंड आणि मेसमधली डाळ. सातव्या दिवशी क्रिकेट. अमेरिकनांनी सोडून दिलेलं बेसबॉलचं मैदान तूच मुदीरकडून मागून घेतलंस. मधला मातीचा उंचवटा आपण फावड्यांनी सपाट केला, त्यावर काथ्याची मॅटिंग अंथरली. चेंडू सीमेपार गेला की थेट वाळवंटात. आणि दरवर्षी फायनलला पाइपलाइन कॅम्पवाले यायचे आणि आपल्याला धुऊन जायचे. त्यांचे दोन ओपनर इतके तगडे होते की आपला शांताराम सुतार त्यांना बॉल टाकायला धावत यायचा तेव्हाच आपली पोरं डोळे मिटून घ्यायची.

मग तू बंदरावरचा माल सोडवायला जेद्दाला गेलास आणि परत आलास तो डोक्यात भूत घेऊन. तिथल्या शराफिया बाजाराच्या मागे, एका मोकळ्या जागेत तू त्याला खेळताना पाहिलं होतंस. श्रीवर्धनकडचा पोरगा, कापडाच्या दुकानात सेल्समन. "अनंता, हातात काय आहे त्याच्या! बॅट्समनला बॉल दिसतच नाही. नुसता आवाज येतो, फूं!" मी म्हटलं, दिसला असेल, पण तो जेद्दात आणि आपण इथे. त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, तिथला दुकानदार शेख. शेख सही करून मोकळा करत नाही तोवर इस्माइलला दुसरीकडे नोकरी करताच येणार नव्हती.

पण तू सोडतोस होय? पाइपलाइन कॅम्पचा मॅनेजर दरवर्षी आपल्या मुदीरला पार्टीत टोमणे मारायचा. तू नेमकं त्याच दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. मुदीरने जेद्दाला फोन लावले, माणसं पाठवली. इस्माइलसाठी टूल-रूममध्ये हजेरीपुरती जागा काढली. हत्यारं द्यायची, घ्यायची, पुसून ठेवायची. उन्हात जायचं नाही, हाताला धक्का लागू द्यायचा नाही.

ती बातमी आली ती संध्याकाळ तुला आठवते? आपण सगळे मेसमध्ये जेवत होतो. तू दार ढकलून आत आलास, बाकावर चढलास आणि म्हणालास, "रिलीज मिळाली! खलास! इस्माइल आपला!" काय गोंधळ झाला! स्टीलची ताटं टेबलांवर आपटायला लागली. सांगलीचा फिटर टॉवेल कमरेला बांधून नाचला. मल्याळी कुकने न सांगता रव्याचा शिरा टाकला. ज्यांनी आयुष्यात बॅट धरली नव्हती ते हेल्परसुद्धा एकमेकांना मिठ्या मारत होते. पाइपलाइन कॅम्पची आता कशी जिरेल, याच्यावरच सगळे बोलत होते. घरून चांगली बातमी आली तरी आपल्या कॅम्पात कधी एवढा आनंद झाला नव्हता.

शांताराम कोपऱ्यात भात कालवत होता. वर्षानुवर्षं आपल्यासाठी त्यानेच बॉलिंग टाकली होती, चांगली वाईट. त्याने मान वर करून विचारलं, "दत्ता, मग मी दुसऱ्या बाजूने टाकू ना?"

तू म्हणालास, "तू पाणी आण, शांताराम. पाणी तू एकदम सरळ आणतोस."

मेस फुटली हसून. शांतारामही हसला. मग त्याने ताट उचललं, अर्धा भात टाकून दिला आणि गेला. पुन्हा कधी मैदानावर आला नाही. ते तुझ्या लक्षात तरी आलं का, दत्ता? माझ्या आलं होतं. तुला म्हटलंही होतं. तू म्हणालास, "अरे, गंमत केली."

इस्माइल आला तेव्हा अर्धा कॅम्प गेटवर उभा. दम्मामच्या बसमधून उतरला तो एक सडपातळ पोरगा. इस्त्रीची टेरिलीनची पँट, अंगाला अत्तराचा वास, हातात शराफियाच्या मिठाईचा पुडा. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "हा? हा बॉलर? याला वारा आला तर धरून ठेवावा लागेल." लोकांचे चेहरे पडले. तू पुढे झालास, त्याचा उजवा हात मनगटाला धरून उंच केलास. बैलबाजारात दात दाखवतात तसा तो हात सगळ्यांना दाखवलास. "माणूस नका बघू. हे बघा." इस्माइल लाजून हसत होता. त्याला बिचाऱ्याला वाटलं, हा आपला सत्कार आहे.

पण पहिल्याच मॅचला त्याने सगळ्यांची तोंडं बंद केली. कसा टाकायचा रे तो! धावत यायचा तेव्हा पावलांचा आवाज नाही, आणि हातातून बॉल सुटला की स्टंप उडाल्यावरच समजायचं. मैदानाच्या कडेला जुन्या लाकडी बाकांवर एक म्हातारा अमेरिकन दर शुक्रवारी येऊन बसायचा. त्याला क्रिकेट कळायचं नाही. तो उभा राहून टाळ्या वाजवायला लागला आणि ओरडला, "व्हॉट अ पिचर!" बेसबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, हे तू आम्हाला समजावलंस, आणि लगेच तोंडाला दोन्ही हात लावून आरोळी ठोकलीस, "आपला पिच्चर हिट आहे!"

झालं. त्या दिवसापासून इस्माइलचं नाव पिच्चर. विकेट पडली की दोनशे माणसं एका सुरात, "पिच्चर हिट!" मेसमध्ये त्याच्या ताटात दोन अंडी जास्त. न्हावी त्याचे केस आधी कापायचा. तू त्याला आपल्या खोलीत आणलंस, स्वतःचा कूलरजवळचा पलंग दिलास. तो पाच वेळा नमाज पढायचा तेव्हा तू ट्रान्झिस्टर बंद करायचास, आणि कुणी मोठ्याने बोललं तर शिव्या घालायचास. त्याला माशाचं सार आवडतं म्हणून तू मासळीबाजारातून सुरमई आणून स्टोव्हवर शिजवलीस, कोकम घालून. तो खाताना म्हणाला होता, "दत्ताभाई, जेद्दात मामाच्या घरी पण असं कुणी वाढलं नाही मला." तू खूश झालास. ते प्रेम खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मला जेव्हा कावीळ झाली होती तेव्हा असंच तू महिनाभर पेज करून घालत होतास. तू माणसाला जीव लावायचास. फक्त तो उपयोगाचा असेपर्यंत, की आवडता असेपर्यंत, हे मला अजून सांगता येत नाही.

फायनलच्या आदल्या आठवड्यात त्याचा खांदा गेला. शर्ट घालताना हात वर जाईना. आपल्या खोलीत तुझ्या पलंगाच्या कडेला बसून तो तुला म्हणाला, "दत्ताभाई, आत काहीतरी फाटल्यासारखं झालंय. या शुक्रवारी मला बसवा." मी समोरच होतो.

तू म्हणालास, "बसायला तुला जेद्दाहून आणला नाही."

कॅम्पच्या कंपाउंडरला बोलावून तू त्याला इंजेक्शन टोचायला लावलंस. फायनलच्या दिवशी सकाळी अजून एक. मी तुला बाहेर ओढून म्हटलं, दत्ता, पोराचा हात कायमचा जाईल. तू म्हणालास, "एक मॅच. एकच. मग मरेना का."

ती मॅच मला पुन्हा आठवायची नाही. पहिला बॉल टाकला तेव्हाच त्याचा चेहरा पांढरा पडला. तो वेग नव्हता, ती दिशा नव्हती. पाइपलाइनवाल्यांचे ते दोघे त्याला वाळवंटात भिरकावत होते आणि प्रत्येक ओव्हरनंतर तो तुझ्याकडे बघत होता. तू कॅप्टन. तू बॉल परत त्याच्याच हातात देत होतास. ज्यांनी ताटं आपटली होती त्यांनीच आता शिट्ट्या सुरू केल्या. आणि मग एक आवाज आला, सगळ्यात मोठा, मैदानाच्या मधूनच.

"पिच्चर पडला रे, पडला!"

दत्ता, तो आवाज तुझा होता. लोकांनी तो ऐकला आणि सगळ्यांना मोकळीक मिळाली. दोनशे माणसं ओरडायला लागली, पडला, पडला. कुणी म्हणालं, तिकिटाचे पैसे परत करा. कुणी त्याच्या अत्तरावरून बोललं, कुणी त्याच्या धर्मावरून. तू कुणाला गप्प केलं नाहीस. त्याचा खांदा गेलाय हे त्या मैदानावर फक्त तुला, मला आणि त्याला माहीत होतं.

मेसमध्ये मी उभा राहून सांगितलं, त्याला दुखापत होती, इंजेक्शन देऊन खेळवलं. माझं बोलणं संपायच्या आत तू पाण्याचा पेला ठेवत म्हणालास, "अनंताला पुळका आलाय. खांदा बिंदा काही नाही, पोरगा घाबरला. कापडं मोजायची सवय, त्याला मोठी मॅच झेपत नाही." लोक हसले. त्यांना तुझंच ऐकायचं होतं. इस्माइल दाराजवळ ताट धरून उभा होता, आणि त्या दिवशी त्याच्या ताटात अंडं नव्हतं.

शनिवारी, कामाच्या पहिल्या दिवशी, टूल-रूममध्ये दुसराच माणूस होता. इस्माइलला तू पाइप यार्डात टाकलास, तुझ्याच गँगमध्ये. ज्याने आयुष्यात कापडाच्या ताग्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं, आणि ज्याचा एक खांदा कामातून गेला होता, त्याला पाइप लोटायला. आठवडा पुरा झाला नाही. पाचरी सुटल्या, पाइप घरंगळला आणि त्याचा उजवा हात खाली आला. बाकीच्यांनी हात वेळेत काढले. त्याला काढता आला नाही.

दोन बोटं कापली. आपण दोघे इस्पितळात गेलो. हाताला मोठं पांढरं बँडेज, ओठ सुकलेले. मी काय बोलावं याचा विचार करत होतो. तू पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलास, बँडेजकडे पाहिलंस आणि म्हणालास, "चला, आता तरी बॉल स्विंग होईल."

शेजारच्या खाटेवरचा माणूस फिस्सकन हसला. आणि मग इस्माइल हसला, दत्ता. तो तुझ्याकडे बघत हसला, तू खूश व्हावास म्हणून. मला तुझ्या कुठल्याच गोष्टीचा एवढा राग नाही जेवढा त्याच्या त्या हसण्याचा आहे. एवढं होऊनही त्याला तुझी मर्जी हवी होती.

पुढचं लवकर उरकलं. कंपनीला त्याचा उपयोग उरला नाही. जेद्दाचा शेख परत घ्यायला तयार नव्हता. खुरूजचा, म्हणजे कायमचं देश सोडायचा शिक्का बसला. मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो. तिथे अजून माणसं होती, चांगली चाळीसेक. त्याचा चेहरा उजळला, त्याला वाटलं, आपल्याला निरोप द्यायला आलेत. तेवढ्यात समोरून पिकअप आली, त्यात तू पुढे बसलेला, आणि मागे हाइलच्या गव्हाच्या शेतांवर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक पंजाबी. नवा फास्ट बॉलर. तू उडी मारून उतरलास, त्याचा हात मनगटाला धरून उंच केलास, आणि सगळे ओरडले. इस्माइलची बस त्या गर्दीतून हॉर्न वाजवत निघाली. तू मागे वळून बघितलंही नाहीस. की बघितलंस? मी बसकडे बघत होतो, तुझ्याकडे नाही.

नंतर कितीदा तरी मी तुला विचारलं, त्याला यार्डात का टाकलास. दरवेळी वेगळं उत्तर. आधी म्हणालास, मुदीरचा हुकूम होता. मुंबईला भेटलो तेव्हा म्हणालास, त्यानेच मागून घेतलं, त्याला लाज वाटत होती फुकट बसायची. तुझ्या मुलीच्या लग्नात म्हणालास, "तुला दुसरा विषय नाही का रे, आज तरी?" आपलं भांडण आपल्या मैत्रीइतकंच जुनं झालं. पण आपण बोलणं कधी टाकलं नाही. तुझ्याशिवाय मला त्या वर्षांबद्दल कोणाशी बोलता येणार होतं? आणि पासपोर्ट माझ्या छातीवर होता. तो अजून आहे.

मागच्या वर्षी तुझ्या ओटीवर बसलो होतो. तुझं दुखणं नुकतंच कळलं होतं. तू एकदम म्हणालास, "अनंता, तुला वाटतं मी सूड म्हणून टाकला त्याला."

मी म्हटलं, "हो."

तू पायाने झोपाळा थांबवलास. मग म्हणालास, "त्या दिवशी हरल्यावर मी मुदीरच्या केबिनमध्ये गेलो होतो. तो मला काय म्हणाला माहिताय?" आणि तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. तू तिला म्हणालास, साखर घातलीस की विसरलीस, आणि तिला हसवलंस. मी वाट पाहिली. चहा संपला. तू झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालायला हवं यावर बोलायला लागलास. काय म्हणाला होता मुदीर, दत्ता? की तेव्हाही तू नवीन काहीतरी बनवत होतास आणि ते जमलं नाही?

आणि मग ते शेवटचे महिने. देवाने तुला सहज सोडलं नाही. पोटातून कळ आली की तू उशी दातात धरायचास. गोळ्या पुरेनात. शेवटी शेवटी तू बायकोला ओळखत नव्हतास, पण ओरडायचास मात्र मोठ्याने, शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. मी तुझे पाय दाबत बसायचो. तू गेलास तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, आणि मग मी बाहेर जाऊन पडवीत रडलो. वहिनीने सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेले, त्रास झाला नाही. मला म्हणाली, "भावजी, तुम्हीही तेवढंच सांगा. त्यांची कोणाला कीव येऊ नये." मी सगळीकडे तेच सांगितलं. हॉलमध्येही.

सभेहून घरी आलो आणि श्रीवर्धनला फोन लावला. इस्माइलला मी दर ईदला फोन करतो, तुला कधी बोललो नाही. आम्ही समुद्राचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो, त्याच्या नातवंडांचं. तुझं नाव आम्ही घेत नाही. काल घेतलं.

"इस्माइल, दत्ता गेला."

तिकडे कुणीतरी टीव्ही लावला होता. त्याने तो बंद करायला सांगितलं.

"कधी?"

"मंगळवारी."

"कशाने?"

"कॅन्सर."

मग त्याने विचारलं, अगदी हळू, एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं, "दुखलं काय त्याला?"

झोपेत गेला, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. गेले काही दिवस मी तेच एक वाक्य बोलत होतो.

मी म्हटलं, "खूप दुखलं. दोन-तीन महिने. शेवटी ओरडायचा."

मला वाटलं तो काहीतरी म्हणेल. माफ केलं म्हणेल, अल्लाची मर्जी म्हणेल, निदान सुस्कारा टाकेल. मी तेवढ्यासाठीच फोन केला होता बहुतेक, तुझ्यासाठी त्याच्याकडून काहीतरी मिळावं म्हणून.

"असं," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंस." आणि फोन ठेवला.

वहिनीला हे कळलं तर ती मला दारात उभं करणार नाही. तुलाही आवडलं नसतं. तुझी उशी, तुझे दात, तुझं ते ओरडणं मी तुला न विचारता त्याला देऊन टाकलं. रागावला असशील तर रागाव, दत्ता. त्याला द्यायला तुझं दुसरं काही उरलं नव्हतं.

तुझा,
अनंता